दूरदेशी शिकणाऱ्या मुलांचे घर

जुलै महिना संपत आला की आमच्या खंडाळ्याच्या घाटातून रात्री-अपरात्री काही गाड्या मुंबईकडे उतरताना दिसतात. टपावर दोरीने आवळलेल्या दोन मोठ्या बॅगा, मागच्या आसनावर आईवडील व आजी, आणि पुढे चालकाशेजारी वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. पुण्याहून परदेशी शिकावयास जाणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांना आजही मुंबईचाच विमानतळ गाठावा लागतो. एखादे कुटुंब लोणावळ्यास थांबून चिक्कीची दोन खोकी घेते. बाहेर धुके आणि पाऊस असतो, आणि गाडीत फारसे कोणी बोलत नसते.

आमच्या धर्मग्रामांतूनही आता अशी मुले जाऊ लागली आहेत. त्यांचे पालक आमच्याशी बोलतात तेव्हा प्रश्न असतात ते विद्यापीठाच्या शुल्काचे, बँकेच्या कर्जाचे, व्हिसाचे. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, आणि त्यांची उत्तरे देणारी माणसे गल्लोगल्ली मिळतात. परंतु विमानतळाच्या दारातून आत गेलेले आपले मूल पलीकडे उतरेल तेव्हा तेथे त्याचे कोण असेल, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. ज्या दिवसांत आपली मुले घाट उतरून जातात, त्याच दिवसांत आफ्रिकेतील, पश्चिम आशियातील आणि नेपाळसारख्या शेजारी देशांतील मुले घाट चढून पुण्यास शिकावयास येतात. त्यांचे येथे कोण असते? आमच्या मते हे दोन प्रश्न एकच आहेत, आणि त्यांचे उत्तर पुण्यातच एका खिडकीपाशी सापडले होते.

डॉ. शां. ब. मुजुमदार हे फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मुलांच्या वसतिगृहाची देखरेखही त्यांच्याकडे होती. एकदा त्यांना एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून आत काहीतरी देताना दिसली. त्या काळी ही गंभीर तक्रारीची बाब होती. चौकशी केली तेव्हा आत मॉरिशसहून आलेला एक विद्यार्थी काविळीने आजारी पडलेला आढळला. त्याची विचारपूस करणारे कोणी नव्हते आणि ती मुलगी त्याला पथ्याचे अन्न आणून देत होती. शिस्तभंगाचा शोध घ्यावयास गेलेल्या प्राध्यापकांना भलतेच काही दिसले. आपल्या शहरात शेकडो परदेशी मुले राहतात, आणि त्यांतले एखादे आठ दिवस अंथरुणाला खिळले तरी आपल्याला पत्ता लागत नाही, हे ते दृश्य होते. यातूनच परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक सांस्कृतिक केंद्र उभे राहिले आणि १९७१ साली ‘सिंबायोसिस’ या संस्थेची स्थापना झाली. आज त्या नावाचे विद्यापीठ सर्वांना ठाऊक आहे. त्याचा आरंभ एका आजारी पाहुण्याच्या जेवणापासून झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

नावही वनस्पतिशास्त्रातलेच आहे. दोन भिन्न जातींचे जीव एकत्र राहून परस्परांना उपकारक होतात, त्या सहजीवनाला हा शब्द आहे. याचे उदाहरण आपल्या गोड्या मसाल्याच्या डब्यात आहे. दगडफूल ही एक वनस्पती नसून बुरशी व शैवाल यांचे एकत्र जगणे आहे. बुरशी आधार व ओलावा धरून ठेवते आणि शैवाल सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते. दोघांपैकी एकट्याला जेथे तगून राहणे कठीण, अशा उघड्या खडकावर ती जोडी वाढते. परदेशी विद्यार्थी व त्याला आश्रय देणारे गाव यांचे नाते असे असावे, अशी त्या नावामागची कल्पना. त्यात कोणी कोणावर उपकार करीत नाही.

परक्या देशात विद्यार्थ्याचे नेमके काय होते, हे समजण्यासाठी आपल्याकडचे सर्वांत जुने व सर्वांत हृदयद्रावक उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. त्यांचे पती गोपाळराव यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनरी गृहस्थांना लिहिलेले पत्र तेथील एका नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असताना वाचले आणि अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे पत्रव्यवहार चालला. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. उतरवून घेण्यास कार्पेंटरबाई स्वतः हजर होत्या. विद्यालय सुरू होण्यापूर्वीचा तो उन्हाळा आनंदीबाईंनी त्यांच्याच घरी काढला. आज विद्यापीठे ज्याला परिचय-सप्ताह म्हणतात, तो अठरा वर्षांच्या या मुलीला काही महिने एका कुटुंबात राहून मिळाला.

त्यानंतर फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय. तेथील अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांनी त्यांना मायेने सांभाळले. तरीही सर्व सुरळीत झाले असे नाही. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही आणि साडीही सोडली नाही. त्यांच्या खोलीतील शेकोटी पेटविली तर धूर आणि न पेटविली तर गारठा, अशी स्थिती होती, असे चरित्रकार सांगतात. अपुरे अन्न, कडक हिवाळा आणि अविश्रांत अभ्यास यांनी प्रकृती ढासळत गेली. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंशेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या सहाध्यायिनी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली आणि त्या सोहळ्यास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्या वर्षअखेरीस आनंदीबाई क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतल्या. मुंबईहून पुण्यास येण्याचा लोहमार्ग तेव्हाही आमच्या याच घाटातून होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडात वाँटेज येथे धर्मभगिनींच्या मठात राहावयास गेल्या होत्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती. तेथे राहण्याची सोय होती, जेवणाची होती, काळजी घेणारी माणसेही होती. तरीही अवघ्या काही महिन्यांत त्या मैत्रिणीच्या मनाने धीर सोडला. आपल्यावर धर्मांतराची सक्ती होईल, या भीतीने तिला ग्रासले होते, आणि तिने स्वतःचा अंत करून घेतला. आमच्यासारख्या श्रद्धावंतांनी ही घटना विसरू नये. पाहुणचार करणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असो, पाहुण्याच्या मनात भीती असेल तर ती भीती खरी असते. पुण्यातील एखाद्या मुस्लिम किंवा बौद्ध विद्यार्थ्याला आपण घरी बोलावतो तेव्हा त्याला जेवावयास बोलावलेले असते; त्यामागे आणखी काही आहे, अशी शंकाही त्याला येता कामा नये.

मनाच्या या अवस्थेचा पुढे शास्त्रीय अभ्यास झाला. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५०च्या दशकात ‘सांस्कृतिक धक्का’ ही संज्ञा रूढ केली. ओळखीच्या सर्व खुणा एकाच वेळी नाहीशा झाल्या की माणूस गोंधळतो, चिडतो, आजारी पडतो, असे त्यांनी दाखविले. १९५५ साली नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांहून कमी आणि अठरा महिन्यांहून अधिक काळ राहिलेल्यांपेक्षा मधल्या काळाची माणसे अधिक अस्वस्थ होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधकांनी हा आलेख सर्वांना सारखा लागू पडत नाही आणि कित्येकांना पहिलेच आठवडे सर्वांत जड जातात, असेही दाखविले. पालकांनी यातून एवढे घ्यावे की पहिल्या आठवड्यात आलेली हसरी छायाचित्रे म्हणजे मूल रुळल्याचा पुरावा नव्हे.

आमच्या परिचयातील एका मुलाने पहिल्या हिवाळ्यात रोज आईला दूरध्वनीवर ‘जेवलो, सर्व छान आहे’ असे सांगितले. प्रत्यक्षात तो तीन आठवडे वर्गात गेलाच नव्हता. त्याने हे आईला फसविण्यासाठी केले नव्हते. घरावर मोठे कर्ज आहे, बहिणीचे लग्न पुढे ढकलले आहे, आणि आता आपल्याला जमत नाही हे कोणत्या तोंडाने सांगावे, असे त्याला वाटत होते. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येते. ‘आज कोणाबरोबर जेवलास?’ असे विचारून पाहावे. सलग काही दिवस उत्तर ‘एकटाच’ असे आले, तर तेथे कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन दार ठोठावले पाहिजे. मूल जीवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर लाज किंवा कर्ज यांचा विचार मनात आणू नये. अमेरिका व कॅनडात ९८८ या क्रमांकावर तातडीची मानसिक मदत मिळते. आपल्याकडे शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि येथे शिकणाऱ्या परदेशी मुलांनाही तो क्रमांक ठाऊक असावा.

वर्गात जाणे टाळण्याचे कारण बहुधा अभ्यासाच्या निराळ्या पद्धतीत असते. आपल्याकडे वर्षअखेरची परीक्षा, शिक्षकांनी सांगितलेल्या टिपणांचे पाठांतर, आणि वर्गात गप्प बसणे म्हणजे आदर. तिकडे दर आठवड्याला लेखी काम, वाचून येण्याची अपेक्षा आणि बोलण्यालाच गुण. प्राध्यापक स्वतःला पहिल्या नावाने हाक मारावयास सांगतात तेव्हा आपल्या मुलांची जीभ उचलत नाही. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेल्या भेटीच्या वेळा असतात. आपली मुले तिकडे फिरकत नाहीत, कारण ‘बोलावल्याशिवाय सरांकडे जाणे म्हणजे काहीतरी चूक झाली’ असे त्यांना वाटते. सर्वांत मोठा अपघात होतो तो उताऱ्यांचा. पुस्तकातील उत्तम परिच्छेद जसाच्या तसा लिहिणे ही आपल्या शाळांत हुशारी मानली जाते. तेथे मूळ लेखकाचा निर्देश न करता तसे केले तर ती चोरी ठरते आणि प्रकरण विद्यापीठातून काढून टाकण्यापर्यंत जाऊ शकते. जाण्यापूर्वी मुलाला चिवडा करून देणाऱ्या आईइतकीच गरज ही एक गोष्ट नीट समजावून सांगणाऱ्या शिक्षकाची आहे.

बाकीच्या सूचना थोडक्यात. दात व डोळे येथेच तपासून घ्यावेत, कारण विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात बहुधा त्यांचा खर्च बसत नाही. अमेरिकेत विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही. कोणी नातेवाईक रोख पैशांत जादा काम देऊ करील, तर तो मदत करीत नसून मुलाचा व्हिसा धोक्यात घालीत आहे. आणि मुलग्यांना वरणभात, भाजी व पोळी करावयास शिकवून पाठवावे. आपल्या घरांत अजूनही या एका विषयाला ऐच्छिक मानले जाते, आणि त्याची किंमत ती मुले पहिल्या वर्षी पोटाने मोजतात.

परक्या देशातील विद्यार्थ्याभोवती मैत्रीची तीन वर्तुळे असतात, असे मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉकनर यांनी म्हटले आहे. पहिले आपल्या देशबांधवांचे, दुसरे त्या देशातील माणसांचे आणि तिसरे आपल्यासारख्याच इतर परदेशी मुलांचे. फिलाडेल्फियाच्या त्या छायाचित्रातील तिघी तिसऱ्या वर्तुळातल्या, तर कार्पेंटरबाई दुसऱ्या. पहिल्या वर्तुळाचे उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनमधील अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठीही भथेना यांनी त्यांना पैशांची मदत केली.

तथापि त्या चरित्राचे पुढचे पान अधिक बोचरे आहे. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बाबासाहेब बडोद्यास नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना राहावयास खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने नोकर निघून जातील अशी अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो असे म्हटले, आणि त्याचा अर्थ बाबासाहेबांना कळला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. न्यूयॉर्कने ज्यांना खोली दिली त्यांना आपल्या माणसांनी दिली नाही. आपली मुले परदेशी जातात तेव्हा तेथील लोकांनी त्यांचा रंग पाहू नये, अशी आपली अपेक्षा असते. पुण्यात भाड्याची सदनिका शोधणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थ्याला दलालाच्या तोंडून काय ऐकावे लागते, हे ज्यांनी त्याच्याबरोबर चार जिने चढून पाहिले आहे त्यांनाच कळेल. आम्ही एकदा असे गेलो होतो. तीन घरमालकांनी दूरध्वनीवर होकार दिला होता. मुलाला पाहताच तिघांच्याही सदनिका त्याच सकाळी दिल्या गेल्या होत्या.

मग आपण काय करावे? बाहेर जाणाऱ्या मुलांपुरते बोलायचे तर एक सोय तयारच आहे. १८९३ साली, आनंदीबाईंच्याच फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथलिक विद्यार्थ्यांनी कार्डिनल न्यूमन यांच्या नावाने एक मंडळ स्थापन केले. पुढे अशी न्यूमन केंद्रे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत उभी राहिली. न्यूमन यांना २०१९ साली संतपद जाहीर झाले. तेथे रविवारची मिस्सा असते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मिस्सेनंतर बहुधा एकत्र जेवण असते. इंग्लंड व ऑस्ट्रेलियातही विद्यापीठांना जोडलेले धर्मगुरू असतात. मुलाच्या प्रवेशाचे पत्र आले की आपल्या धर्मगुरूंनी तिकडच्या धर्मगुरूंना दोन ओळी लिहाव्यात: अमुक नावाचा मुलगा अमुक तारखेस येत आहे. थिओडिशिया कार्पेंटर यांच्या एका पत्राने जे घडले, त्यासाठी आज टपालाचीही वाट पाहावी लागत नाही.

येथे येणाऱ्यांसाठी काम थोडे अधिक आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या परदेशी व्यक्तीला १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते, आणि घर देणाऱ्यानेही पाहुण्याची माहिती कळवावी लागते. बरेच घरमालक या कागदांच्या भीतीनेच नकार देतात. आपल्यापैकी कोणी तो अर्ज एकदा बरोबर बसून भरला, तर ती भीती जाते. काही कुटुंबांनी महिन्यातून एक रविवार एका विद्यार्थ्यासाठी ठेवावा. पुण्याहून लोकलने लोणावळ्यास येता येते. पावसाळ्यात राजमाची पॉइंटवरून दिसणारी दरी पाहून डोंगराळ देशातील मुलांना घर आठवते. मळवलीहून कार्ल्याची लेणी जवळ आहेत. तेथील चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट येथील यवनांनी दिलेल्या दानाचे लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या माणसांची नावे मावळच्या कातळात आहेत, हे परदेशी पाहुण्याला दाखविताना मोठी गंमत वाटते.

सर्वांत कठीण दिवस सणांचे. दिवाळीत व नाताळात वसतिगृहे ओस पडतात, खाणावळी बंद होतात आणि दूरदेशीची दोन-चार मुले रिकाम्या इमारतीत उरतात. त्यांना घरी बोलवावे. मात्र आधी काय खाता, काय खात नाही, हे विचारावे. मुस्लिम पाहुण्याच्या ताटात डुकराचे मांस येऊ नये, हे आपल्याला सुचते. पण ख्रिस्ती पाहुण्याच्या बाबतीत आपण विचारीतच नाही. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत नाताळ ७ जानेवारीला येतो आणि त्याआधीचे सुमारे चाळीस दिवस उपवासाचे असतात. त्या काळात ते मांसही खात नाहीत आणि दूध-तूपही घेत नाहीत. अशा मुलाला २५ डिसेंबरला आपण आग्रहाने केक व मटण वाढले, तर तो संकोचाने गप्प बसेल. त्याच्यासाठी साधे वरण, भात आणि तेलावरची भाजी करावी, आणि केक ७ जानेवारीला पुन्हा बोलावून द्यावा.